सेप्टिक टाकीची निगा आणि पुण्याचा कातळ

२०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, नऱ्हे, किरकटवाडी अशा भागांतल्या कितीतरी घरांचा मैला मात्र अजून अंगणातल्या टाकीतच जातो, आणि वापराचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला होता. टाकीची निगा म्हणजे नुसता वासाचा आणि डासांचा प्रश्न नव्हे.

टाकीत काय घडतं

जड मैला तळाशी बसतो, तेल-साबण सायीसारखे वर तरंगतात आणि मधलं पाणी बाहेर पडतं. गाळ जिवाणूंमुळे कुजतो, पण पूर्ण संपत नाही. बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं तरी त्यात रोगजंतू असतात. ते शोषखड्ड्यात जिरून मातीतून गाळलं जायला हवं.

इथेच पुण्याची अडचण आहे. बऱ्याच ठिकाणी थोड्याशा मुरुमाखाली काळा कातळ लागतो. अखंड कातळात पाणी जिरत नाही, आणि भेगा असल्या तर ते न गाळताच विहिरी-बोअरपर्यंत पोचतं. भारतीय मानकानुसार शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, पण भेगाळ खडकात तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. पावसाळ्यात बोअरचं पाणी तपासून घ्या आणि प्यायचं पाणी उकळा.

उपसा कधी करायचा

टाकी तुंबल्यावरच मैला उपसणारी गाडी बोलवायची, ही आपली जुनी सवय. तोवर गाळ शोषखड्ड्यात शिरलेला असतो आणि मग तो खड्डाच नव्याने करायची वेळ येते. त्यापेक्षा दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याआधी, उपसा करावा. वाई नगरपालिकेने तर तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी पाळीपाळीने उपसण्याची पद्धतच बसवली. पुण्याच्या हद्दीतही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अंदाज घ्यायचा तर लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती तळापर्यंत सोडा आणि सावकाश वर काढा. गाळाचा काळा डाग पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेला असेल तर गाडी बोलवा. झाकण उघडताना वाकून आत पाहू नका, विडी-काडी जवळ नको. उपशात तळाशी बोटभर गाळ राहू द्या, नव्या मैल्याला तो विरजणासारखा उपयोगी पडतो. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार ते विचारा. नाल्यात ओतणाऱ्याला पैसे देऊ नका.

काय टाकू नये

सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, तळणीचं तेल. फरशीवरचे क्षारांचे डाग घालवायला बादलीभर ॲसिड ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात. गच्चीचं पावसाचं पाणीही टाकीत सोडू नका. व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधा.

माणूस उतरवू नका

टाकीतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत शुद्ध घालवतो, आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीतल्या एका सोसायटीच्या टाकीत सफाई कामगारांचे जीव गेले. २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे, आणि बोलावणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. कामगार स्वतः उतरायला तयार झाला तरी त्याला अडवा. घट्ट गाळ पाण्याच्या फवाऱ्याने सैल करून गाडीच्या पाइपनेच ओढता येतो.