कॉर्डिलाईनचा तुरा छाटू नका

ठाण्याच्या पाचपाखाडीपासून डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागापर्यंत, आणि तेथून पुढे कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपर्यंत, गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशी, जिन्याच्या वळणावर किंवा गॅलरीच्या ग्रीलमध्ये ज्या झाडाची किरमिजी-गुलाबी पाने हमखास दृष्टीस पडतात, ते कॉर्डिलाईन आपल्याकडे केवळ पानांसाठी लावले जाते. रोपवाटिकेतला माळी ते बहुधा ‘ड्रेसिना’ म्हणून विकतो, घरची मंडळी तीन-चार वर्षे त्याला निष्ठेने पाणी घालतात, आणि एके दिवशी शेंड्यातून फिकट जांभळ्या फुलांचा तुरा वर आला की झाडाची शक्ती फुकट जाते असे म्हणून तो छाटून टाकतात. माझी तक्रार आहे ती या छाटणीविषयी. कारण आपल्या हवेला साजेसे नवे वाण घरच्या कुंडीत निपजण्याची जी मुख्य वाट आहे, ती या तुऱ्यातूनच जाते.

आधी झाडाची ओळख पक्की करावी. शास्त्रीय दप्तरात याची नोंद कॉर्डिलाईन फ्रुटिकोसा अशी असून, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर त्याला ‘टी’ म्हणतात. ड्रेसिना हा त्याचा नातलग खरा, पण निराळा. कुंडी बदलताना मुळे पाहिली तर ड्रेसिनाची पिवळट-नारिंगी आणि कॉर्डिलाईनची पांढरी दिसतात. शिवाय ड्रेसिनाच्या अंडाशयातील प्रत्येक कप्प्यात एकच बीजांड असते, तर कॉर्डिलाईनच्या कप्प्यात अनेक. संकर करू इच्छिणाऱ्याला हा भेद फार मोलाचा आहे, कारण एका यशस्वी फुलातून त्याला एक नव्हे, अनेक भावंडे मिळू शकतात. दोन्ही झाडे शतावरीच्या कुळातली. घायपात त्याच कुळातला आणि सफेद मुसळीही. ज्या मुसळीच्या जातीला फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बोरिवलीवरून क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे नाव दिले, ती येऊरच्या डोंगरापलीकडची आपली शेजारीणच म्हणायची. आपल्या गॅलरीतला हा परदेशी पाहुणा आपल्या मातीतल्या कुळाला अगदीच परका नाही.

या झाडाचा इतिहास मात्र समुद्रावरचा आहे. न्यू गिनी आणि त्याच्या आसपासच्या बेटांतून पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी ते आपल्या होड्यांतून पूर्वेकडे नेले. त्याच्या मुळाशी वाढणारा जाड, शर्करायुक्त कंद भट्टीत भाजून खाता येत असे, आणि पाने, आपण केळीची किंवा हळदीची वापरतो तशी, अन्न गुंडाळून शिजवण्यास उपयोगी पडत. हजारो मैलांचा हा प्रवास खोडाच्या तुकड्यांनी झाला, बियांनी नव्हे. आणि पिढ्यान्पिढ्या केवळ कलमांनीच वाढ होत गेल्यामुळे पूर्व पॉलिनेशियातली जुनी हिरवी जात बी धरण्याची शक्तीच गमावून बसली. हवाईतल्या बागांत आज जो रंगांचा उत्सव दिसतो, तो पुढे बाहेरून आणलेल्या, बी धरणाऱ्या रंगीत जातींमुळे आणि हौशी माळ्यांनी घरोघरी केलेल्या संकरांमुळे. कलमाने झाड टिकते, पण त्यात फेरफार क्वचितच होतो. नवा गुण यायचा तर बहुधा दोन झाडांचा संयोग घडावा लागतो, ही गोष्ट या एका वनस्पतीच्या प्रवासातून जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या कोठे दिसेल.

कोणता गुण हवा, ते मात्र जिथल्या तिथल्या हवेवर ठरते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतातले बागप्रेमी थंडी सोसणाऱ्या कॉर्डिलाईनच्या शोधात असतात. तेथे हिवाळ्यातली एखादी रात्र गोठणबिंदूखाली उतरते, पाने करपून काळी पडतात, खोडही मरते, आणि वसंतात जमिनीतल्या कंदातून ज्याचे कोंब लवकर आणि जोमाने वर येतात त्या झाडाला संकरासाठी मान मिळतो. न्यूझीलंडचे कॉर्डिलाईन ऑस्ट्रालिस तर जात्याच हिमाला सरावलेले असून इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ते उघड्यावर वाढते. आपल्या मुलुखाला हिमाचे भय नाही. परंतु काटकपणाची कसोटी आपल्याकडेही आहे, आणि ती एकेरी नाही. ठाण्याला खाडीचे आणि समुद्राचे संरक्षण आहे. कल्याण-डोंबिवली समुद्रापासून आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री तेथील जमीन झपाट्याने निवते, आणि पारा पंधरा अंशांच्या खाली उतरतो. हेच अंतर उन्हाळ्यात उलटे फिरते: कुलाब्याला समुद्राचा वारा लागत असताना कल्याणकर चाळीस अंशांच्या झळा सोसत असतो. त्यावर चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस. उष्णकटिबंधातल्या ज्या झाडाच्या पेशींची आवरणे दहा-बारा अंशांच्या आसपास ताठर होऊ लागतात, ज्याची कोवळी पाने मे महिन्याच्या पश्चिमेकडच्या उन्हात भाजतात आणि ज्याची मुळे आषाढातल्या पाणथळ कुंडीत कुजतात, त्या झाडाने एका वर्षात किती परीक्षा द्यायच्या!

तरीही थंडीचा एक लाभ आहे. रात्री गार आणि दिवस स्वच्छ उन्हाचे झाले की पानांतले अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य वाढते. गारठ्यात पानाची अन्न बनवण्याची गती मंदावते, प्रकाश मात्र तेवढाच पडत राहतो, आणि जिरवता न आलेला प्रकाश पेशींना घातक ठरतो. हे रंगद्रव्य त्यातला काही भाग स्वतःकडे अडवून हरितद्रव्यावर सावली धरते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. जानेवारीत डोंबिवलीच्या गच्चीवरचे झाड जे लालभडक होते, ते त्या दृष्टीने सौंदर्याबरोबर बंदोबस्तही आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संकर हा प्रयोगशाळेचा मक्ता कधीच नव्हता. 1717 साली लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड नावाच्या रोपवाटिकाधारकाने स्वीट विल्यमचा पराग कार्नेशनच्या फुलावर टाकून मानवी हाताने घडवलेला पहिला ज्ञात संकर सिद्ध केला. आपल्याकडे कलकत्त्याच्या 1820 साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीत सिडनी पर्सी-लँकॅस्टर यांनी कर्दळ आणि बोगनवेल यांचे संकर केले, तेही बागेतच. कॉर्डिलाईनसाठी लागतात एक बारीक टोकाचा चिमटा, शून्य क्रमांकाचा रंगाचा कुंचला, मलमलीच्या लहान पिशव्या, दोरा, आणि एक वही. एवढी सामग्री मराठी घरात नवी नाही.

तुऱ्याच्या फांद्यांवर शेकडो कळ्या खालून वर उमलत जातात. एक फूल जेमतेम नखाएवढे: सहा पाकळीवजा दले, मागे वळलेली, सहा पुंकेसर, त्यांच्या टोकांवर पिवळे परागकोश, आणि मधोमध एक बारीक, उभे कुक्षीवृन्त. आई म्हणून निवडलेल्या झाडावरची जी कळी फुगलेली पण अजून मिटलेली आहे, ती सायंकाळी चिमट्याने हलके उघडून सहाही परागकोश खुडावेत, शेजारची उमललेली फुले काढून टाकावीत आणि त्या डहाळीवर मलमलीची पिशवी बांधावी, म्हणजे मधमाशी व मुंगी आपल्या आधी पराग आणून ठेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, पित्याच्या झाडावरील परागकोश फुटून पिवळी भुकटी सुटली की ती कुंचल्यावर घ्यावी, उघड्या कुक्षीच्या टोकाला लावावी आणि पिशवी पुन्हा बांधावी. फूल फार काळ टिकत नाही; म्हणून ही मुदत चुकवू नये. अनेक वाणे स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत किंवा फार थोडी धरतात, त्यामुळे एकाच मूळ झाडाच्या दोन कलमांत विवाह लावण्याची मेहनत बहुधा निष्फळ ठरते. दोन निराळ्या रोपवाटिकांतून, दोन निराळ्या रंगांची झाडे घ्यावीत. डहाळीला चिठ्ठी बांधताना आईचे नाव आधी, मग गुणिलेचे चिन्ह, मग पित्याचे, ही जगभरची रीत आहे; आणि तोच तपशील तारखेसह वहीत उतरवावा, कारण पहिल्या मुसळधार सरीत चिठ्ठीवरची शाई जाते.

फळ धरले की हिरवी गोळी हळूहळू लाल होते. तिच्या गरात काळी, चकचकीत बी असते. गर चोळून धुवावा आणि बी न वाळवता, ताजीच, कोकोपीट व पालापाचोळ्याच्या खतात पेरावी. उगवलेली रोपे आरंभी बरीचशी हिरवी असतात. येथे अनेकांचा उत्साह मावळतो, पण रंगाचा निकाल लागायला कितीतरी पाने यावी लागतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडाविषयी मात्र एक सावधगिरी हवी: तो पट्टा पुष्कळदा हरितकणांतल्या दोषाचा असतो, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितकण आईकडून येतात, त्यामुळे पांढरे झाड आई केले तर काही रोपे निव्वळ पांढरी उगवून अन्नाअभावी मरतात. पट्ट्यांची आवड असेल त्याने ते झाड पिता करून पाहावे. तुरा आल्याने झाड खंगते हा समजही सोडावा: शेंड्याची वाढ तुऱ्यात संपते हे खरे, पण त्याच्याखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे निघतात आणि एकखोडी झाडाला फांद्या येतात.

जोपासनेबद्दल दोन गोष्टी. हे कुळ फ्लोराइडला हळवे आहे. पानांची टोके करपू लागली की माळी पाण्याला दोष देतो, पण कुंडीत घातलेले सुपर फॉस्फेट हेही त्याचे कारण असू शकते, म्हणून ते टाळून शेणखतावर भागवावे. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आणि पावसाळ्यात रोपांवर आफ्रिकी गोगलगाय, या दोघांवर रोज नजर हवी.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या वर्षी. रोपे लाडाने सावलीत दडवू नयेत. एका वाणाची तीन कलमे करून एक ठाण्यात खाडीच्या बाजूला, एक डोंबिवलीच्या गच्चीवर, एक बदलापूरकडच्या कोणा स्नेह्याच्या अंगणात ठेवावे, आणि तिघांनी आपापल्या वहीत एकच मजकूर लिहावा: जानेवारीत पाने डागाळली की नाही, मे महिन्यात किती करपली, आणि गणपतीपर्यंत मुळे शाबूत राहिली की नाही. जी रोपे तिन्ही ठिकाणी तग धरतील त्यांचीच कलमे वाढवावीत. जी केवळ एका ठिकाणी देखणी दिसतील ती त्याच ठिकाणी ठेवावीत, पण पुढच्या संकराला घेऊ नयेत.