जहाजाच्या पोटातील भिंती

जहाज बाहेरून एकसंध दिसत असले, तरी त्याचे पोट एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उभारलेल्या पोलादी भिंतींनी अनेक कप्प्यांत विभागलेले असते. नौकाबांधणीच्या परिभाषेत या भिंतींना ‘बल्कहेड’ म्हणतात. कोकणातील भातखाचरे ज्याने पाहिली आहेत, त्याला त्यांचे प्रयोजन चटकन उमगेल. खाचरातील पाणी बांधाने अडते, तसे जहाजाचे बूड एके ठिकाणी फुटले तरी आत शिरलेले पाणी त्याच कप्प्यात अडून राहते व उरलेले कप्पे जहाजाला तरंगते ठेवतात. शिवाय सांगाड्याला बळकटी येते आणि आगीलाही अटकाव होतो.

ही युक्ती जुनी आहे. चीनमधील छ्वानचौ येथे १९७४ साली उत्खननात मिळालेल्या तेराव्या शतकातील लाकडी जहाजात अशा १२ भिंती व १३ कप्पे आढळले.

बांध घालणे सोपे. तो किती उंच घालावा, हा खरा प्रश्न. ‘टायटॅनिक’ जहाजात १५ भिंती व १६ कप्पे होते. पुढचे चार कप्पे भरले तरी ते तरंगावे, अशी त्याची रचना होती. मात्र यांपैकी अनेक भिंती समुद्राच्या पातळीवर जेमतेम तीन मीटर येऊन थांबल्या होत्या. त्याहून उंच भिंती प्रवाशांच्या दालनांच्या आड आल्या असत्या. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगाशी झालेल्या टकरीत पुढच्या किमान पाच कप्प्यांत पाणी शिरले. त्या भाराने नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, खाली झुकली आणि पाणी भिंतींच्या माथ्यावरून एकामागून एका कप्प्यात ओसंडू लागले. २ तास ४० मिनिटांत जहाज बुडाले. सुमारे १,५०० माणसे दगावली. त्यानंतर ‘ऑलिम्पिक’ या त्याच्या जोडजहाजातील काही भिंती उंच करण्यात आल्या. १९१४ मध्ये लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात अशा भिंतींविषयी नियम घालण्यात आले.

तरीही सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण संपली नाही. मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटीत वाहने एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरावीत, म्हणून त्यांचा मजला सलग मोकळा ठेवला जाई. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. मोटारींच्या मजल्यावर शिरलेले पाणी अडवणारी एकही भिंत तेथे नव्हती. ते एका कुशीला धावले व बोट दीड मिनिटात कलंडली. १९३ जणांचा बळी गेला.

विमानातही बल्कहेड असते. तेथे ते पाणी नव्हे, तर आतल्या हवेचा दाब पेलते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये बोइंग ७४७ विमानाचे मागचे बल्कहेड फुटले आणि ५२० जण मृत्युमुखी पडले. १९७८ सालच्या दुरुस्तीत तेथे अखंड जोडपट्टीऐवजी दोन तुकडे बसवले गेले होते. त्यामुळे सांध्याचा भार रिव्हेटांच्या एकाच ओळीवर आला आणि सात वर्षे तेथे भेगा वाढत राहिल्या.