आधी घर, मग ढिगारा

रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या वाटेवर कासिनो नावाचं गाव आहे. १५ मार्च १९४४ च्या सकाळी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी ते काही तासांत जमीनदोस्त केलं. त्यानंतर न्यूझीलंडचे रणगाडे गावात शिरायला निघाले आणि अडले. त्यांची वाट पडलेल्या भिंतींनी आणि बॉम्बच्या खड्ड्यांनी अडवली होती. त्याच संध्याकाळी पाऊस लागला आणि खड्डे पाण्याने भरले. दगडांच्या राशींआड जर्मन छत्रीधारी सैनिक दबा धरून बसले. उभ्या गावाने केला नसता एवढा अडसर पडलेल्या गावाने केला.

हा प्रसंग चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनी फळीवर मांडायचा आहे असं समजा. दुमजली घराचा एक उभा राहिलेला कोपरा, त्याच्या पायथ्याशी रस्त्यावर सांडलेली भिंत आणि त्या राशीवर अर्धवट चढून रुतलेला शर्मन रणगाडा. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. रणगाड्याचा किट विकत मिळतो, सैनिकही मिळतात. पडकं घर मात्र पुष्कळ कारागीर प्लास्टर, फोम, लाकडाच्या पट्ट्या आणि कागद घेऊन शून्यापासून स्वतः घडवतात. त्यांच्या बोलीत हे 'स्क्रॅच-बिल्ट' काम. थक्क करणारी गोष्ट ही, की रणगाड्यापेक्षा हा ढिगारा करणं कितीतरी अवघड असतं. किटमधल्या रणगाड्यासोबत सूचनापत्रक येतं. ढिगाऱ्याला नकाशा नसतो, पण नियम असतात. ते मोडले, की ज्याने आयुष्यात कधी मॉडेल पाहिलेलं नाही त्यालाही काहीतरी खटकतं.

लढाई छोटी करून मांडण्याची ओढ जुनी आहे. विल्यम सिबोर्न हा ब्रिटिश अधिकारी १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावरच्या ल ए सँत या शेतवाडीत मुक्कामाला गेला. कित्येक महिने राहून त्याने तिथली जमीन मोजली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं पाठवली: तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोरच्या शेतात पीक कोणतं होतं? त्यातून तयार झालेली, हजारो इवल्या सैनिकांची प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. शेतातलं पीक विचारणाऱ्या त्या माणसाला कळलं होतं, की सैनिकांच्या पायाखालची जमीन खरी वाटली नाही तर सैनिकही खरे वाटत नाहीत.

आजच्या रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये १:३५ हे प्रमाण सर्वांत रुळलेलं आहे, आणि त्याचा जन्म योगायोगाने झाला. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटरी मावतील एवढं त्याचं माप ठेवलं. ते साधारण १:३५ भरलं, आणि पुढे जगभर तेच चाललं.

या प्रमाणात १७५ सेंटिमीटर उंचीचा सैनिक ५ सेंटिमीटरचा होतो. अर्धा मीटर जाडीची दगडी भिंत १४ मिलिमीटरची होते आणि पंचवीस सेंटिमीटरची वीट जेमतेम ७ मिलिमीटरची. खरं आश्चर्य घनफळात आहे. लांबी ३५ पटींनी घटते, तेव्हा घनफळ ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटतं. एक घनमीटर दगडमाती मॉडेलमध्ये फक्त २३ मिलिलिटर उरते. सहा मीटर लांब, सहा मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड भिंत पडली, तर १८ घनमीटर मलबा होतो. मॉडेलमध्ये तो सुमारे ४२० मिलिलिटर. तुकड्यांच्या मधे पोकळ्या राहतात, म्हणून प्रत्यक्ष ढीग अर्ध्या लिटरच्याही वर जातो. नवशिका चार-सहा चमचे चुरा टाकून थांबतो आणि भिंत गेली कुठे, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. हिशेब जुळला, की ढीग घराच्या पहिल्या मजल्याकडे चढू लागतो, रस्ता दिसेनासा होतो आणि रणगाडे का अडले ते न सांगता समजतं.

निसर्गाचे काही नियम या छोट्या जगातही तसेच लागू होतात. कोरडा, सुटा माल वरून ओतला की त्याचा उतार एका ठरावीक कोनावर स्थिरावतो. हा कोन कणांच्या घडणीवर आणि खरखरीतपणावर ठरतो, ढीग किती उंच आहे यावर नाही. म्हणून अनुभवी कारागीर बारीक मलबा बोटांनी रचत बसत नाही. तो वरून सोडतो आणि गुरुत्वाकर्षणाला त्याचं काम करू देतो. पाणी मात्र लहान व्हायला तयार नसतं. पृष्ठताणामुळे थेंब गोल राहतो, त्यामुळे खड्ड्यातलं पाणी पारदर्शक रेझिन ओतूनच दाखवावं लागतं. मलबा चिकटवायला पातळ केलेलं फेविकॉल सोडलं, तर तेही धुळीवर गोळे होऊन बसतं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातला, की पृष्ठताण मोडतो आणि गोंद आतपर्यंत झिरपतो.

यानंतर प्रश्न येतो घर पडतं कसं याचा. कोपरे बहुधा शेवटपर्यंत टिकतात, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना आडवा आधार देतात. जुन्या घरांतला चुना दगडापेक्षा नरम असतो, म्हणून तडा दगड फोडत जात नाही. सांध्यासांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. खिडकीवरचा आडवा दगड निसटला, तर वरची सगळी भिंत कोसळतेच असं नाही. अनेकदा त्रिकोणी तुकडा तेवढा गळतो आणि उरलेले दगड एकमेकांवर रेलून आपसूक कमान धरतात. मजला गेला तरी तुळयांची भोकं भिंतीत ओळीने दिसत राहतात आणि नाहीशा झालेल्या खोलीची उंची सांगतात. छप्पर आत कोसळतं, म्हणून फुटकी कौलं आणि मोडक्या तुळया खोल्यांच्या जागी जास्त सापडतात. बाहेर पडलेल्या भिंतीचा दगड रस्त्यावर पसरतो.

म्हणून या कामाचा पहिला धडा असा, की ढिगारा करायचा असेल तर आधी घर बांधावं लागतं. कागदावर अख्खं घर काढायचं: दार कुठे, जिना कुठून चढतो, तुळया कोणत्या भिंतींवर टेकतात. मग उथळ साच्यात १४ मिलिमीटर जाडीचं प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. ते घट्ट झालं पण ओलसर आहे, तोवर सुईने दगडांचे सांधे कोरायचे. पूर्ण सुकल्यावर ती देखणी भिंत हातात घ्यायची आणि तोडायची. इथे प्लास्टर फोमवर मात करतं. फोममध्ये तुटका काठ कोरून काढावा लागतो. प्लास्टर खरोखरच तुटतं, त्यामुळे त्याच्या काठाला खऱ्या तुटण्याचा खडबडीतपणा येतो. निघालेले तुकडे टाकायचे नाहीत. तोच पुढचा मलबा, त्याच भिंतीचा, त्याच जाडीचा. कौलांसाठी पातळ क्लेच्या चकत्या सळईवर वाकवायच्या, तुळयांसाठी लाकडाच्या पट्ट्या कापायच्या नाहीत, मोडायच्या. फुटक्या काचांसाठी सूक्ष्मदर्शकाची कव्हर स्लिप वापरतात. तिची धार खऱ्या काचेची असते.

रंगातही हिशेब आहे. चाळीस सेंटिमीटरवरून पाहिलेला ५ सेंटिमीटरचा सैनिक म्हणजे चौदा मीटरवरून पाहिलेला खरा माणूस. अंतराने रंग फिकट आणि निस्तेज दिसतात, म्हणून डबीतला गडद रंग जसाच्या तसा दिला तर मॉडेल खेळणं वाटतं. तो थोडा उजळ करावा लागतो. मग सांध्यांत पातळ गडद रंगाचा वॉश, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात आणि शेवटी बारीक पूड केलेलं रंगद्रव्य. चुन्याची धूळ सगळ्यांवर सारखीच बसते: भिंतीवर, रणगाड्याच्या साखळीवर, सैनिकाच्या बुटांवर. ही एकच धूळ सुट्या वस्तूंना एका ठिकाणी आणि एका दिवसात आणून बसवते.

घर आधी बांधलं, की त्यात राहणाऱ्यांचा विचार टाळता येत नाही. वरच्या खोलीचा निळा गिलावा, खिळ्याला लटकलेली तसबीर, राशीत अडकलेलं तांब्याचं भांडं: हे सगळं कुणाचं तरी होतं. युद्धाचं मॉडेल शस्त्रांचं कौतुक होऊन बसण्याचा धोका असतो. पडकं घर तो धोका आवरतं आणि रणगाड्याला कुणाच्या तरी दारात उभं करतं.

आपल्यासाठी त्या मुलखाला आणखी एक अर्थ आहे. कासिनोच्या डोंगरावर चौथी भारतीय डिव्हिजन लढली. मे १९४४ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने गावाच्या दक्षिणेला गारी नदी ओलांडली. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. पुढे याच इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. इटलीच्या पडक्या भिंतींचे डायोरामा जगभर होतात. त्यांत मराठा सैनिक फार थोडे दिसतात. ही जागा भरणारे हात महाराष्ट्रात आहेत. दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला उभारणाऱ्या मुलांना माती, उतार आणि तटबंदी यांची जाण आधीच असते.

कासिनोच्या डोंगरावरचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा पूर्वीसारखा बांधला गेला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याचं पुनःसमर्पण झालं. ज्यांना मूळ वास्तू माहीत होती, त्यांनाच ती परत उभी करता आली. डायोरामा करणाऱ्यालाही हेच लागतं. तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर आधी रणगाडा घेऊ नका. प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी, मोजपट्टी आणि सुई घ्या. तुमच्या गावातला एखादा पडका वाडा बाहेरूनच नीट पाहा, तुळयांची भोकं मोजा, तडा कुठून गेला ते वहीत काढा, आणि त्या घराचा एकच कोपरा १:३५ मध्ये करून बघा.