नवी सीट चावतेय? चावू द्या!

नवी कोल्हापुरी पहिले चार दिवस चावणारच, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तेल लावायचं, घरात घालून फिरायचं, मग तीच चप्पल पायातून काढवत नाही. चामड्याच्या सायकल-सीटचा फंडा अगदी हाच! फरक इतकाच, की इथे चावलेली जागा चारचौघांत दाखवता येत नाही.

या दुनियेतलं बडं नाव म्हणजे इंग्लंडचं ब्रुक्स. बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली चामड्याचा धंदा काढणाऱ्या जॉन बोल्टबी ब्रुक्सचा घोडा मेला, त्याने उसनी सायकल आणली आणि तिच्या सीटने त्याची पार वाट लावली. म्हणून १८८२ मध्ये त्याने स्वतःच्या सीटचं पेटंट घेतलं, असं कंपनी सांगते. त्यांचं बी-१७ मॉडेल एकोणिसाव्या शतकातलं, पण आजही विकलं जातं. वजन अर्ध्या किलोच्या वर! रेसवाले नाकं मुरडतात, मुरडू देत.

यात फोम नाही, जेल नाही. जाड चामडं पुढे-मागे रिव्हेट ठोकून खाटेच्या नवारीसारखं ताणलेलं असतं. बुडाची दोन हाडं टेकतात तिथे ते हळूहळू खोलगट होतं आणि सीट तुमच्या मापाची बनते. जेलची सीट दुकानात बोटाने दाबली की मस्त वाटते, पण लांबच्या राइडला जेल दबतं आणि भार नको त्या नाजूक जागी येतो. माझी सीट कोथरूड-हिंजवडी करत पाचेकशे किलोमीटरनंतर वळणावर आली. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगा मी उभ्यानेच केल्या!

एक गोष्ट मात्र सीरियसली घ्या. हाडांखाली दुखणं वेगळं आणि मुंग्या येणं, बधिर होणं वेगळं. दुखणं सरावाने जातं. बधिरपणा म्हणजे नस दबतेय. सीटची रुंदी, उंची किंवा नाकाचा कोन बघा. तिथे ‘होईल सवय’ म्हणत रेटायचं नाही. बायकांच्या हाडांमधलं अंतर साधारण जास्त असतं, त्यामुळे मित्राची लाडकी सीट तुम्हाला सूट होईलच असं नाही.

चामडं तेलात भिजवून झटपट मऊ करण्याचे उद्योगही नकोत, त्याची झोळी होते. कंपनीचं प्रूफाइड नावाचं मेणासारखं मलम अधूनमधून चोळलं की पुरे. आपल्याकडे खरा व्हिलन म्हणजे पावसाळा. ओल्या सीटवर बसलात तर ती लोंबलीच समजा, आणि कपाटात कोंडली तर बुरशी. जूनमध्ये मी सरळ साधी सीट चढवते. एवढी उस्तवार नको असेल किंवा चामडंच नको असेल, तर ब्रुक्सचीच रबर आणि सुती कापडाची केंबियम आहे, तिला मुरवावं लागत नाही.

वीस मिनिटांच्या ऑफिसपुरती सायकल असेल, तर हा खर्च करू नका. रविवारी पानशेत गाठून परत येणारे असाल, तर घ्याच. फक्त ‘आधीच मुरलेली, स्वस्तात देतो’ म्हणणारा भेटला, तर जपून. ती मुरलेली असते त्याच्या हाडांना!