खोलीतला उजेड आणि मनाची मरगळ

गेल्या डिसेंबरात तीर्थपुरीजवळच्या वस्तीवरचा एक शेतकरी बारावीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, पोरगं रात्री दोनपर्यंत वाचतंय, पण ध्यानात काहीच राहीना. बोलाया गेलं की अंगावर येतंय. ताकदीचं टॉनिक द्या." तपासले. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईडही ठीक. मग मुलाला विचारले, "अभ्यासाला कुठं बसतोस?"

मधल्या खोलीत. पत्र्याचे घर, एकच खिडकी आणि तिच्यात कूलर. थंडीत तो बंद, पण जागचा हललेला नाही. आत भरदिवसा ट्यूबलाइट. टॉनिक मी लिहून दिले नाही. बाप जरा नाराज झाला.

वाचकहो, उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. ते इतके चटकन सरावतात की खोली आणि अंगण यांतला फरक जाणवत नाही. मोजले तर ट्यूबलाइटच्या खोलीत १०० ते ३०० लक्स, लिंबाच्या सावलीत काही हजार, दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात. वाचायला ३०० पुरतात. मेंदूतल्या घड्याळाला पुरत नाहीत. हे घड्याळ बहुतेकांचे २४ तासांहून किंचित सावकाश चालते, म्हणून सकाळच्या उजेडाने ते रोज लावून घ्यावे लागते. त्याला उजेडाची वर्दी देणाऱ्या वेगळ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, हे २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले. आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा हे पुस्तकात नव्हते. रात्री उशिरापर्यंत लख्ख पांढरा दिवा जवळ असला की झोप आणणारे मेलाटोनिन दबते. या मुलाचे तेच झाले होते: दिवसा उजेड नाही, रात्री भरपूर. मेंदू रात्री दोनला ताजा आणि मंडळाच्या पेपरच्या वेळेला, सकाळी अकराला, पेंगुळलेला.

लांब रात्रींच्या थंड देशांत हिवाळ्यात काही जणांना खिन्नता येते. अमेरिकेतल्या डॉ. रोझेन्थाल यांनी १९८४ साली तिचे वर्णन केले. तिकडे सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. आपल्याला तो दिवा विकत घ्यायची गरज नाही. आपली जुनी माळवदाची घरे अंधारी होती हे खरे, पण माणसे दिवसा त्यांत बसत कुठे होती?

मुलाला सांगितले, उठल्यावर अर्धा तास अंगणात वाच, सूर्याकडे टक लावू नकोस. दिवसा टेबल पूर्वेच्या दाराशी. रात्री नऊनंतर पुस्तकापुरता पिवळसर दिवा, अकराला झोप, मोबाईल आईजवळ.

सगळी उदासी उजेडाने जात नाही. दोन आठवडे मन कशातच लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर डॉक्टरांना गाठा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

तीन आठवड्यांनी बाप-लेक परत आले. मुलगा अकराला झोपत होता, सकाळी हाका माराव्या लागत नव्हत्या, वाचलेले बऱ्यापैकी राहत होते. चिडचिड होतीच, ती बारावीची असावी. कूलर ओट्यावर गेला होता. उन्हाळ्यात तो पुन्हा खिडकीत येणारच, म्हणून छताचा एक पत्रा काढून तिथे उजेड येणारा फायबरचा पत्रा टाका, असे बापाला सुचवले.