मोठी गाडी म्हणून मोठी चूक?

दुचाकी आणि कारची टक्कर झाली की जमलेली गर्दी दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळी होते: चूक कारवाल्याची. कार आणि डंपर असेल तर डंपरवाल्याची. डंपर आणि एसटी असेल तर मात्र गर्दीत दोन तट पडतात. गाडीच्या आकारावरून दोष ठरवणारं कलम मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही. मोठं वाहन हाकणाऱ्याने जास्त जपून चालवावं, एवढंच न्यायालयं म्हणतात. त्याची प्रत्यक्षात चूक झाली का, हे पुराव्यावरूनच बघावं लागतं.

गर्दी पांगल्यावर पोलीस येतात आणि दुसरा गैरसमज सुरू होतो. एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे दोष ठरला, आणि फौजदारी कोर्टातून सुटका झाली म्हणजे दोष धुऊन निघाला, असं लोक धरून चालतात. दोन्ही खरं नाही. एकाच अपघाताचा हिशेब दोन वेगळ्या ठिकाणी होतो. निष्काळजीपणाचा फौजदारी खटला भारतीय न्याय संहितेखाली चालतो आणि तिथे गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे', एवढं पटवलं तरी पुरतं. गोव्यातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हेच स्पष्ट केलं: व्हॅनचालकाचा निष्काळजीपणा फौजदारी कसोटीवर नव्हे, शक्यतेच्या तराजूत तोलायचा. म्हणून चालक निर्दोष सुटूनही मृताच्या घरच्यांना भरपाई मिळू शकते.

शिवाय न्यायाधिकरण 'हा दोषी, तो निर्दोष' असं एकदम म्हणेलच असं नाही. दोष टक्क्यांत वाटला जातो, आणि जखमीच्या वाट्याला येतील तेवढे टक्के त्याच्या भरपाईतून कापले जातात. 'मागून धडकला त्याचीच चूक' या आपल्या लाडक्या नियमाचं काय होतं ते इथे बघण्यासारखं आहे. पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्यावर आहे, यात वाद नाही. पण कोइंबतूरचं 2017 मधलं प्रकरण घ्या. महामार्गावर एका कारने अचानक ब्रेक मारला. मागून आलेला मोटरसायकलवरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. पत्नी गरोदर आहे, तिला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो, असं कारचालकाचं म्हणणं. न्यायाधिकरणाने कारचालकाला मोकळंच सोडलं होतं. उच्च न्यायालयाने त्याला 40 टक्के दोष दिला. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने तो 50 टक्क्यांवर नेला. बसचालकाकडे 30 आणि पुरेसं अंतर न ठेवणाऱ्या त्या मुलाकडे 20 टक्के. तीन पायऱ्यांवर तीन वाटण्या! महामार्गावर कसलाही इशारा न देता थांबणं हे कारण कितीही घरगुती असलं तरी निष्काळजीपणाच, असं न्यायालय म्हणालं. मला ही अखेरची वाटणी रास्त वाटते. मागच्याने बेसावध राहावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज वेगळाच आहे. 'लायसन्स नव्हतं ना? तिघं बसले होते ना? मग कसली भरपाई?' नियम मोडणं आणि अपघात घडवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिल्लीत एका मोटरसायकलवर तिघं होते आणि मागून कारने ठोकलं. मागे बसलेला एक जण गेला. उच्च न्यायालयाने तिघं होते म्हणून 10 टक्के कापले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिसऱ्या माणसामुळे तोल गेला किंवा टक्कर झाली, असं दाखवलं तरच कपात, नाहीतर तो फक्त दंडाचा विषय. परवान्याचंही तसंच. हेल्मेट नसल्याने टक्कर होत नाही, मात्र मार डोक्याला असेल तर तिथे वाद होऊ शकतो.

गाडीत नुसत्या बसलेल्याच्या माथी चालकाचा दोष मारता येत नाही, हेही लक्षात असू द्या. दोन चालकांच्या चुकीत प्रवासी जखमी झाला, तर त्याला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. वाटणी त्या दोघांनी आपसात करायची.

'साक्षीदार नाही, म्हणजे केस नाही' असंही म्हणतात. 1960 च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक कार रात्री झाडावर आदळली. रस्ता सरळ, पंधरा फूट रुंद, डांबरी. झाड उजव्या हाताला, रस्त्याच्या कडेपासून चार फूट आत. धडक इतकी जबर की झाड उखडलं आणि इंजिन जागेवरून फूटभर मागे सरकलं. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटलं की असं आपोआप होत नाही, घटनाच बोलते आहे. चालकाची चूक नव्हती हे आता गाडीमालकाने दाखवावं. म्हणूनच घटनास्थळाचा पंचनामा, टायरच्या खुणा, काचा कुठे पडल्या, कोणत्या बाजूचा पत्रा चेपला, हे सगळं मोलाचं. गाड्या हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. आणि 'चूक माझीच' असं कागदावर लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट मोटार पॉलिसीत असते.

दोष सिद्ध न करताही काही रक्कम मिळते. एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर 2 लाख आणि 50 हजार.

मात्र भरधाव चालवून स्वतःच गाडी उलटवली आणि त्यात जीव गेला, तर त्या चालकाच्या कुटुंबाला दोषावर आधारलेला दावा करता येत नाही. कर्नाटकातल्या अशाच एका दाव्यात जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला नकार दिला. वाहनमालक स्वतः चालवत असेल तर उपयोगी पडतो तो त्याचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, आणि त्यासाठी वैध परवाना लागतो. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी या विम्याचा रकाना भरला आहे का, हे ती उघडून एकदा बघून घ्या.