गुरांचा मेंदूविकार : जागतिक चित्र व आपली दक्षता

'मॅड काऊ डिसीज' या नावाने परिचित असलेला गुरांचा मेंदूविकार १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम निश्चित झाला. त्यात मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात, जनावराचा तोल जातो व ते दगावते. याचे कारण जिवाणू वा विषाणू नसून 'प्रिऑन' हे विकृत घडणीचे प्रथिन होय. नेहमीच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही.

रोग फैलावला तो मुख्यतः आहारातून. तृणभक्षी गुरांना मृत जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी चारली गेली. १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी अशा खाद्यावर बंदी घातली. तथापि रोग प्रकट होण्यास सरासरी ४ ते ५ वर्षे लागत असल्याने १९९२ या एकाच वर्षात ३७ हजारांहून अधिक गुरे बाधित आढळली. १९९६ मध्ये मानवी रोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला. ब्रिटनमध्ये १७८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांत तरुण बरेच होते. प्रारंभी विषाद व चिंता, पुढे चालण्यात तोल जाणे व अखेर बुद्धिनाश असा या रोगाचा क्रम असतो.

निदानपरिवर्जनाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. दूषित खाद्य थांबताच रोग ओसरला. आज जगभरात तुरळक गुरांतच तो आढळतो, व तेही बहुधा वृद्ध जनावरांत आपोआप उद्भवणाऱ्या निराळ्या प्रकारचा. ब्राझीलमध्ये २०२३ मध्ये असेच उदाहरण आढळले. परंतु २०२४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मूळ प्रकारच्या रोगाचे एक जनावर सापडले. म्हणून दक्षता सैल करता येत नाही.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला 'नगण्य जोखमी'च्या देशांत स्थान दिले. तरीही आपल्या व्यवसायाशी या विषयाचा एक धागा आहे : कॅप्सूलचे जिलेटिन. ते गुरांच्या कातड्यापासून वा हाडांपासून बनू शकते. कातड्याचे जिलेटिन सुरक्षित मानले जाते. हाडांचे असल्यास उगमदेश व प्रक्रिया पाहणे अगत्याचे. औषधनिर्मात्या व विक्रेत्या बंधूंनी पुरवठादाराकडून लेखी प्रमाणपत्र घ्यावे, अथवा वनस्पतिजन्य कॅप्सूल वापरावी.

या मानवी रोगावर कोणत्याही पद्धतीत सिद्ध उपचार नाही. सबब तो बरा करण्याचा दावा आपण करू नये. वरील लक्षणक्रम वेगाने वाढताना दिसल्यास, केवळ उन्माद समजून औषधयोजना न करता, रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे, असे आम्ही सुचवितो.